मागच्या दारावरचं चुंबक

कचऱ्याच्या खोलीला खेटून दार काढायची अक्कल ज्या कुणा शहाण्याला सुचली, त्याला एकदा तिथे शिडीवर उभं करायला हवं होतं. तेही सोमवारी, आदल्या दिवशी अख्ख्या इमारतीनं खेकड्यांवर ताव मारलेला असताना. ग्वायाकिलचं ऊन डोक्यावर, खाली पिंपभर सडकी कवचं, आणि मधल्या हवेत तो स्वतः. मग नकाशे काढताना नाक कुठे ठेवायचं असतं ते कळलं असतं मेल्याला.

त्याच्या जागी आब्दोन क्विमी उभा होता. पन्नाशीला टेकलेला, दारांचा माणूस. नदीकाठच्या या उंच इमारतींना विजेची कुलपं, बटणं नि सेन्सर बसवणं हा त्याचा धंदा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी नि झुरळांनी भरलेल्या पेट्या त्यानं आयुष्यभर पाहिल्या होत्या, पण हा वास काही वेगळाच होता. तो घशात उतरून बसायचा आणि थुंकलं तरी जायचा नाही.

"सापडलं का काही, माएस्त्रो?" खालून दोन्या रेबेकानं विचारलं. ती इमारतीच्या समितीची अध्यक्ष, म्हणून नावाआधी मानाचं दोन्या. नाकावर अत्तराचा रुमाल आणि अंगावर पांढरंशुभ्र. कारागिराला माएस्त्रो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं, एवढंच. आवाज मात्र बोक्याला हुसकावल्यासारखा.

"बघतोय, बाईसाहेब."

"लवकर बघा. इथे उभं राहून मला उलटी होईल."

मग जा ना वर, कुणी धरलंय, असं आब्दोन मनात म्हणाला.

इमारतीला दोन दारं. पुढचं काचेचं, संगमरवरी पायऱ्यांचं. तिथे आतल्या बाजूला चकचकीत बटण, त्यावर हिरवा दिवा. राहणारे लोक बटण दाबतात आणि जातात फिरायला, कुणी विचारत नाही. मागचं हे लोखंडी, राखाडी रंगाचं. मोलकरणी, माळी, गाड्या धुणारे आणि आब्दोनसारखे कारागीर, या सगळ्यांनी यायचं-जायचं ते इथून. चौकटीवर मोठं विजेचं चुंबक, ते दाराला घट्ट धरून ठेवतं. बटण दाबलं की वीज तुटते, चुंबक सोडतं, दार उघडतं. इथवर दोन्ही दारं सारखीच.

फरक पुढे होता. मागच्या दाराला वर एक सेन्सर लावलेला. चौकटीला शेंगेएवढी पांढरी कांडी, आणि दाराच्या पानावर तिचं जोडीदार चुंबक. दोघं जवळ आहेत तोवर दार बंद, सगळं शांत. जोडीदार दूर गेला की कांडी गार्डाच्या खोलीत बोंब ठोकते. बोंब ऐकून गार्ड पिंकाय पट्टा सावरत येतो आणि बाहेर पडणाऱ्या बाईला थांबवून तिची पिशवी उचकतो.

उचकतो म्हणजे कसं? तर डब्याचं झाकण काढून भातात बोट घालतो. हो, बोट. खाली काही लपवलंय का बघायला. मग तेच बोट पॅंटला पुसून दुसरीच्या डब्यात. चपला उलट्या करतो, घामेजलेले कपडे झटकतो. बायकांच्या महिन्याच्या पाकिटातले घड्या घातलेले नॅपकिनसुद्धा एकेक उलगडून बघतो आणि वर दात काढून विचारतो, "आज तब्येत बरी नाही वाटतं?" हे सगळं आब्दोनला कुणी दुसऱ्यानं सांगितलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता. पण सांगितलं होतं फ्लेरिदानं, आणि फ्लेरिदा खोटं बोलत नाही.

फ्लेरिदा त्याची कोमाद्रे, तो तिचा कोंपाद्रे. तिच्या लेकीचा, आनाईचा, तो धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानंच पोरीला हातांवर धरलेलं. हे नातं ग्वास्मोसारख्या वस्तीत रक्ताच्या नात्याहून पातळ धरत नाहीत. आणि फ्लेरिदा नऊ वर्षं याच इमारतीत, याच दोन्या रेबेकाच्या घरी, स्वयंपाकपाणी नि धुणंभांडी करत होती. सकाळी आब्दोन आला तेव्हा ती जिन्यात भेटली होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. अशा इमारतींत ओळख दाखवायची नसते. दोन गरीब एकमेकांना ओळखतात म्हटलं की मालकलोकांना कट शिजल्याचा वास येतो.

आज त्याला बोलावलं होतं ते यासाठी की काही आठवड्यांपासून मागच्या दाराची बोंबच बंद झाली होती. कॅमेऱ्यात बायका दिवसभर बाहेर पडताना दिसत, आणि यंत्र म्हणे दार बंदच आहे. दोन्या रेबेकाच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"कुणीतरी मुद्दाम केलंय हे," ती खालून बोलत होती. "यांना चोरी करायला मोकळं रान हवंय. एकदा कोण ते कळू दे. नुसती काढणार नाही मी तिला. आमचा सगळ्या इमारतींच्या अध्यक्षांचा ग्रुप आहे. संध्याकाळपर्यंत तिचं नाव नि फोटो नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाईल. परत कुणाच्या दारात उभी राहून दाखव म्हणावं."

"काय चोरीला गेलं, बाईसाहेब?"

"काय म्हणजे?"

"नाही, म्हणजे काही गेलंय का कुणाचं?"

"अजून नाही. जाईल ना!"

घ्या. चोरी नाही, पण चोर आधीच ठरलेला. आब्दोननं मान फिरवली आणि सेन्सरच्या मागे, चौकट नि भिंतीच्या फटीत, दोन बोटं घातली. आत एक झुरळ होतं. ते मनगटावरून चालत गेलं तेव्हा त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. झुरळाच्या मागे चिकटपट्टी लागली, नि पट्टीखाली काहीतरी गुळगुळीत. त्यानं नखानं सोडवून हळूच मुठीत घेतलं.

खाली गार्डाच्या खोलीत बझर वाजला. सेन्सर शुद्धीवर आला होता. दार तर त्यानं कामासाठी उघडंच ठेवलेलं.

"लागला!" दोन्या रेबेका ओरडली. "काय होतं?"

आब्दोननं मूठ किंचित उघडून पाहिलं आणि लगेच मिटली.

फ्रिजला लावतात तसलं चुंबक होतं ते. पांढऱ्या झग्यातली मातीची छोटी मुलगी, हातात मेणबत्ती, खाली सोनेरी अक्षरं: माझ्या पहिल्या कम्युनियनची आठवण, आनाई. अशी चुंबकं पाहुण्यांना वाटतात. बारसं असो, चर्चमध्ये पोरांनी पहिला प्रसाद घ्यायची कम्युनियन असो, पोरगी पंधराची होवो, घरी जाताना प्रत्येकाच्या हातात एक. ग्वायाकिलमधल्या कुठल्याही फ्रिजवर जाऊन बघा, शेजारच्या दहा घरांतली पोरं मेणबत्त्या धरून उभी असतात. आब्दोनच्या फ्रिजवरही हीच आनाई होती, गॅसच्या बिलाला धरून.

अगं बाई माझे! त्याला ओरडावंसं वाटलं. दुनियेत चुंबकांचा दुष्काळ पडला होता का? लावायचंच होतं तर फुलाचं लावायचं, पोपटाचं लावायचं. लेकीच्या नावाचं लावलं! चोरानं स्वतःचं ओळखपत्र भिंतीला ठोकून जावं, तसं झालं हे.

पण ही युक्ती तिला कुणी शिकवली, तेही त्याला आठवलं. आनाईच्या कम्युनियनच्या जेवणात, बोकडाचा रस्सा नि भात हाणून झाल्यावर, बियरच्या दुसऱ्या बाटलीला यानंच तर टेबलावर भाषण ठोकलं होतं. "सेन्सर म्हणजे भोळा जीव हो. कुठलंही चुंबक जवळ नेऊन धरा, त्याला वाटतं आपलीच बायको आली!" सगळे खो खो हसले होते. फ्लेरिदा तेवढी हसता हसता थांबली होती.

त्यानं चुंबक उलटं केलं. मागे काळ्या मार्करनं लिहिलेलं: 'सेन्योरा रेबेकांस, प्रेमपूर्वक.' अक्षर त्याचंच. त्याचं अक्षर चांगलं म्हणून फ्लेरिदानं सगळ्या चुंबकांच्या पाठीवर पाहुण्यांची नावं त्याच्याकडूनच घालून घेतली होती. हे दोन्या रेबेकाचं चुंबक इथे कसं आलं, ते त्याला कळेना.

"माएस्त्रो! मी काय विचारते?"

"मीठ धरलं होतं, बाईसाहेब," आब्दोन म्हणाला आणि मूठ अवजारांच्या पिशवीत रिकामी केली. खाली उतरून दार लोटलं, तसा बझर थांबला. "खाडीची हवा. कांडीत ओल जाते, मग ती अडकून बसते."

ती त्याच्याकडे बघत राहिली. पटलं नव्हतं, पण मीठ नाही असंही तिला म्हणता येईना.

"बरं. आता हे बटण. दाबलं की दार उघडतं, हेच मुळात मला नकोय. बटणाची वायर गार्डाच्या खोलीत न्या. यांनी बटण दाबायचं, पिंकाय येईल, बघेल, आणि त्याला वाटलं तर तो उघडेल."

"बाईसाहेब, बाहेर पडायचं बटण थेट कुलपाची वीज तोडतं ते उगाच नाही. उद्या आग लागली, धूर झाला, गार्ड जागेवर नसला, तर आतला माणूस आतच राहील."

"आगीत आम्ही पुढच्या दारानं जाऊ."

"तुम्ही जाल हो. या बायका?"

दोन्या रेबेकानं रुमालातून एक उसासा सोडला. "माएस्त्रो, तुम्हाला वायरी जोडायला बोलावलंय. जोडा. काम नीट झालं तर शेजारच्या तिन्ही इमारतींना मी तुमचं नाव सांगणार आहे." आणि ती सॅंडल टकटकवत लिफ्टकडे गेली.

तिन्ही इमारती! आब्दोनच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि ते सुटलं म्हणून त्याला स्वतःची शिसारी आली.

तो बटणाची पट्टी उघडत होता तेवढ्यात फ्लेरिदा दोन काळ्या पिशव्या घेऊन खाली आली. बुटकी, रुंद खांद्यांची, निळ्या एप्रनमधली. तिनं पिशव्या पिंपात टाकल्या, आजूबाजूला पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "सापडलं?"

"सापडलं? अहो कोमाद्रे, पोरीचं नाव, पोरीचं चित्र! अजून पत्ता नि फोन नंबरही घालायचा होतात की!"

"ओरडू नका. जे हाताला लागलं ते लावलं."

"हाताला? हे तर तुमच्या बाईचं आहे. माझ्या हातानं नाव घातलंय मी."

फ्लेरिदा पिंपाकडे बघत राहिली.

"जेवणाला बोलावलं होतं मी तिला," ती म्हणाली. "आली नाही, डोकं दुखत होतं म्हणे. ठीक आहे, दुखत असेल. दुसऱ्या दिवशी मी हे नेऊन हातात दिलं. 'अय्या, किती गोड' म्हणाली. संध्याकाळी कचऱ्याची पिशवी इथवर आणली तर ती फाटली. खेकड्याच्या कवचांत माझी पोरगी पडलेली. तोंडाला पिवळा रस लागलेला."

आब्दोननं पेचकस खाली ठेवला.

"इथेच नळाखाली धुतली तिला. तेवढ्यात हा पिंकाय आला, पिशवी उघड म्हणाला, आणि माझ्या भातात बोट घातलं. आनाईसाठी नेत होते मी तो भात, कोंपाद्रे. मग मला तुमचं ते भाषण आठवलं. शिडी माळ्याची होतीच." तिनं एप्रनला हात पुसले. "चार दिवस सगळ्या बायका माणसांसारख्या घरी गेल्या. मग दिवसांचे आठवडे झाले. कुणी काही चोरलं नाही. एक चमचासुद्धा नाही."

"मला सांगताय होय?"

"आता काय करणार?"

"चुंबक मी घेऊन जातो. तिला मीठ सांगितलंय. तुमचं नाव कुठे येत नाही."

"आणि ते बटण?"

आब्दोननं पेचकसाकडे पाहिलं. "मी नाही केलं तर दुसरा कुणी करेल," तो म्हणाला. बोलून झाल्यावर त्याला वाटलं, हे वाक्य तोंडातून काढून त्याच पिंपात टाकावं. ज्याला त्याला पोट आहे, हे खरं. पण पोटाच्या नावावर माणूस काय काय गिळतो!

फ्लेरिदानं एप्रनची गाठ आवळली आणि जिन्याकडे वळली.

तेवढ्यात लिफ्ट वाजली आणि दोन्या रेबेका परत आली, मागे पिंकाय. "फ्लेरिदा, इथे काय करतेस? बरं, थांब. हे पुसून घे नंतर, सगळीकडे वायरींचा कचरा. माएस्त्रो, सेन्सर चालतो म्हणालात ना? दाखवा. बाहेर पडून दाखवा."

आब्दोननं पिशवी खांद्याला लावली. जुनी सवय, अवजारं कधी मागे ठेवायची नाहीत. त्यानं बटण दाबलं, दार ढकललं, आणि ते पुन्हा मिटेपर्यंत गार्डाच्या खोलीत बझर कोकलला.

"छान!" दोन्या रेबेका म्हणाली. "आता पिंकाय, तुझं काम. समजा हा बाहेर पडणारा माणूस आहे."

"समजा कशाला," पिंकाय दात काढत म्हणाला, "आहेच की. मागच्या दारानं जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी बघायची, असा नियम आहे. बघू दे, गड्या."

"अरे, मी दार दुरुस्त करायला आलोय!"

"नियम म्हणजे नियम."

आब्दोननं पिशवी छातीशी धरली, आणि ती धरली म्हणूनच पिंकायचे डोळे चमकले. बाहेर पडायचं बटण यानंच दाबलं, बोंब यानंच सुरू केली, आता झडतीही याचीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं नसावं. पिंकायचा हात पिशवीत गेला. पकड, टेस्टर, वायरचं भेंडोळं, अर्धं खाल्लेलं केळ्याचं भजं निघालं. तेही त्यानं बोटानं दाबून पाहिलं. आणि मग ते चुंबक, अजून पट्टी चिकटलेलं.

"हे काय?"

दोन्या रेबेकानं झडप घातली. दोन बोटांत, रुमालानं धरून, तिनं ते डोळ्यांसमोर नेलं. पट्टी पाहिली, सेन्सरकडे पाहिलं. मूर्ख नव्हती ती, एवढं मान्य करायला हवं.

"मीठ काय! मला वेड्यात काढतोस?" माएस्त्रो नि तुम्ही, दोन्ही एका दमात गळून पडले. "कुणाला वाचवतोयस तू? काय लिहिलंय हे? पहिल्या कम्युनियनची आठवण... आनाई."

फ्लेरिदा भिंतीला टेकून उभी होती, ओठ पांढरेफटक. संपलं. नऊ वर्षांची नोकरी, आनाईची शाळा, पुढच्या प्रत्येक इमारतीचं प्रत्येक दार, सगळं त्या तीन अक्षरांवर लटकलं होतं.

"आनाई," दोन्या रेबेका पुन्हा म्हणाली. कपाळाला आठी घातली. "ही कोण आनाई?"

तिनं चुंबक उजेडाला धरलं.

"पिंकाय, कुठल्या मोलकरणीची पोरगी ही?"

"माहीत नाही, सेन्योरा."

"कुणीतरी असणारच ना!" तिनं फोन काढून चुंबकाचा फोटो घेतला. मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. "फ्लेरिदा, तू या बायकांत वावरतेस. तू विचार. गोडीत विचार, तुला सांगतील. आनाई कुणाची, एवढंच काढून आण. तुझी नोकरी पक्की, हो, तू घाबरू नकोस. तुझ्यावर माझा विश्वास आहे."

आब्दोनला आधी कळलंच नाही. मग कळलं. नऊ वर्षं! ही बाई नऊ वर्षं फ्लेरिदाच्या हातचं खात होती. पोरगी तापानं फणफणलेली असताना फ्लेरिदा हिच्या पाहुण्यांना वाढत होती. शाळेला सुट्टी असली की आनाई याच घरच्या स्वयंपाकघरात, कोपऱ्यात, पाय दुमडून गणितं सोडवत बसायची. आणि हिला पोरीचं नाव माहीत नव्हतं! 'तुझी ती मुलगी' एवढ्यावर नऊ वर्षं भागली होती. वाचली, फ्लेरिदा वाचली, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या सुटकेच्या मागोमाग त्यानं चौकट घट्ट धरली. खेकड्यांचा वास परवडला, असं त्याला झालं.

"विचारते, सेन्योरा," फ्लेरिदा म्हणाली. आवाज कुठूनतरी लांबून आल्यासारखा.

"शहाणी. शी, किती चिकट आहे हे!" आणि फोटो मिळाल्यावर वस्तूचं काय काम, म्हणून दोन्या रेबेकानं चुंबक रुमालासकट पिंपात टाकलं.

फ्लेरिदा पिंपापाशी गेली. बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. कवचं कडाकडा मोडली. तिला घाई नव्हती. हात बाहेर आला तेव्हा मनगटावरून पिवळट पाणी ओघळत होतं आणि मुठीत चुंबक होतं.

"अगं, काय करतेस? किळस नाही येत?"

"येते," फ्लेरिदा म्हणाली. "फार येते, सेन्योरा. आनाई माझी."

"काय?"

"माझी मुलगी. तुमच्या स्वयंपाकघरात बसते ती. तुम्ही मागच्या नाताळात तिला जुने बूट दिले होते, उजवा फाटका." तिनं चुंबक उलटं करून दोन्या रेबेकाच्या नाकासमोर धरलं. "आणि हे तुमचं. वाचा, नाव आहे. मी हातात दिलं होतं. इथल्याच कचऱ्यातून मी ते एकदा उचललं, आज दुसऱ्यांदा."

दोन्या रेबेकानं वाचलं. लाज वाटावी म्हणून माणसाच्या चेहऱ्यात काही जागा लागते, ती तिच्याकडे नव्हती. क्षणभर तिचे डोळे नुसते भिरभिरले, आणि मग तिला सापडलं.

"म्हणजे हे माझं आहे. माझी वस्तू तू माझ्या घरातून उचलून आणलीस! पिंकाय, ऐकलंस ना? चोरी आहे ही!"

आब्दोन थक्क झाला. इतकी घाण त्यानं कुठल्या गटारात पाहिली नव्हती.

"असेल," फ्लेरिदा म्हणाली. तिनं एप्रन सोडला, घडी न घालता दाराच्या मुठीला अडकवला. मोलकरणींच्या पिशव्या ठेवायच्या कोपऱ्यातून आपली पिशवी घेतली आणि पिंकायसमोर जमिनीवर पालथी केली. चपला, छत्री, भाताचा डबा, कंगवा, नॅपकिनचं पाकीट. "बघ. भातात बोट घाल. सगळं घाल. आज तब्येत अगदी ठणठणीत आहे माझी."

पिंकायनं खाली पाहिलं. त्यालाही आई असावी बहुतेक, कारण त्यानं हात पट्ट्यामागे नेले आणि जागचा हलला नाही.

"चालती हो!" दोन्या रेबेका किंचाळली. "तुझा फोटो आत्ता जातो ग्रुपवर!"

आब्दोननं बटण दाबलं आणि दार सताड उघडून पायानं धरून ठेवलं. बझर कोकलायला लागला. फ्लेरिदा वाकून एकेक वस्तू पिशवीत भरत होती. तो थांबला, बझर वाजत राहिला. वरच्या गॅलऱ्यांतून डोकी बाहेर आली.

"बंद कर ते! कान फुटतील!"

"दार उघडं असलं की ते वाजतं, बाईसाहेब," आब्दोन म्हणाला. "तुम्हीच लावून घेतलंय."

"आणि माझं बटण?"

"दुसरा कुणी बघा."

दुसरा कुणी आलाच, त्याच आठवड्यात. बटणाची वायर गार्डाच्या खोलीत गेली. हे आब्दोनला पुढे कळलं तेव्हा तो फक्त थुंकला. शेजारच्या तिन्ही इमारतींनी त्याला कधी बोलावलं नाही. फ्लेरिदाचा फोटो मात्र सगळीकडे पोचला. नदीकाठच्या एकाही दारात तिला पुन्हा कुणी उभं केलं नाही. आता ती ग्वास्मोत घरासमोर कढई मांडून केळ्याची भजी तळते.

पण त्या दुपारी दोघं बसथांब्यावर उभी होती. फ्लेरिदाच्या हाताला अजून वास येत होता. तिनं चुंबक बाटलीतल्या पाण्यानं धुतलं, पदर म्हणून काही नव्हता तेव्हा झग्याच्या टोकानं पुसलं. मेणबत्तीचं टोक मोडलं होतं. मग ते उलटं करून ती मागचं नाव अंगठ्यानं घासायला लागली. थुंकी लावली, पुन्हा घासलं. नाव काही हलेना.

"काय हो कोंपाद्रे," ती म्हणाली, आणि इतक्या वेळानं पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले, "कसला हा पक्का मार्कर वापरलात!"

"चांगल्यातला आणला होता," आब्दोन म्हणाला. "नावं टिकावीत म्हणून."

त्यानं पिशवीतून बारीक पेचकस काढला, चुंबक तिच्या हातातून घेतलं, आणि बस येईपर्यंत एकेक अक्षर खरवडत बसला.